डायस्पोरा : विश्वासाची कहाणी

फेब्रुवारी २०१० मध्ये कायद्याचे प्राध्यापक एबेन मोग्लेन यांनी न्यूयॉर्क येथे व्याख्यान दिले. आपली छायाचित्रे, आपले मैत्रीचे धागे एकाच कंपनीच्या कोठारात का ठेवावेत, हा त्यांचा सवाल. तेथील चार विद्यार्थ्यांनी तो मनावर घेतला आणि ‘डायस्पोरा’साठी लोकांकडे १०,००० डॉलर मागितले, मिळाले २,००,००० हून अधिक. (देणगीदारांत फेसबुकचे झुकरबर्गही होते!)

लोकांनी विश्वास टाकला तो मुलांच्या हेतूवर. आज्ञावली अद्याप कोणी पाहिलीच नव्हती. सप्टेंबरमध्ये ती खुली झाली आणि जाणकारांनी तिच्यातील भगदाडे लगेच चव्हाट्यावर मांडली. एकाची छायाचित्रे दुसऱ्याला पुसून टाकता येत होती! हेतू शुद्ध, हात मात्र अननुभवी. तथापि माझ्या मते खुलेपणाचे मोल येथेच कळते. बंद कोठारातील भगदाड बाहेरच्यास सहसा दिसत नाही. अर्थात आपल्यापैकी बहुतेकजण आज्ञावली वाचणार नाहीत. आपली भिस्त वाचणाऱ्यांवर.

नोव्हेंबर २०११ मध्ये चौघांपैकी इल्या झितोमिर्स्की यांचे २२ व्या वर्षी निधन झाले. ऑगस्ट २०१२ मध्ये संस्थापकांनी सारे काम स्वयंसेवकांच्या हाती सोपविले, आणि पुढे ते त्यांनीच चालविले.