राखीव टक्क्याची गोष्ट : अमेरिकेतील सायकलस्वार, पादचारी आणि रस्त्याचा पैसा

१/ अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात एक विलक्षण वस्तू जतन करून ठेवली आहे. ओकच्या लाकडाचे, हाताने फिरवायचे दोन भलेमोठे रहाट आणि त्यांवर गुंडाळलेला कागदाचा लांबच लांब पट्टा. त्या पट्ट्यावर सुमारे १,५०,००० लोकांच्या सह्या आहेत. साल १८९३. मागणी एकच : केंद्र सरकारने रस्त्यांसाठी स्वतंत्र खाते काढावे.

२/ ही मागणी मोटारवाल्यांची नव्हती. मोटार तेव्हा प्रयोगावस्थेत होती. अर्ज घेऊन संसदेपुढे गेलेले गृहस्थ होते अल्बर्ट पोप, सायकलींचे कारखानदार. (त्यात धंद्याचे गणित होतेच, ते नाकारण्याचे कारण नाही.) त्यांच्या मागे १८८० साली स्थापन झालेली ‘लीग ऑफ अमेरिकन व्हीलमेन’ ही सायकलस्वारांची संघटना होती. पावसाळी चिखलात रुतणाऱ्या रस्त्यांना कंटाळलेल्या या मंडळींनी चांगल्या रस्त्यांची चळवळ उभी केली.

३/ त्याच वर्षी कृषी खात्याच्या आश्रयाने ‘ऑफिस ऑफ रोड इन्क्वायरी’ हे इवलेसे कार्यालय सुरू झाले. तरतूद १०,००० डॉलरची. आजचे अमेरिकेचे बलाढ्य संघीय महामार्ग प्रशासन आपली वंशावळ याच कार्यालयापर्यंत नेते. हे ध्यानात ठेवावे. कारण पुढे शंभर वर्षांनी सायकलस्वारांना याच घराण्याच्या दारात ‘हा पैसा तुमचा नव्हे’ असे ऐकावे लागले.

४/ हे घडले कसे? १९३२ साली केंद्राने गॅलनमागे १ सेंट इंधन कर बसवला. १९५६ साली आयझेनहॉवर यांच्या काळात महामार्गांचा प्रचंड कायदा झाला : ४१,००० मैलांचे आंतरराज्य जाळे, खर्चाचा ९० टक्के भार केंद्राचा, आणि इंधन करातून भरणारा स्वतंत्र महामार्ग निधी. यातून एक सरळसोट समजूत रूढ झाली, की जो इंधन भरतो त्याचा रस्ता. चालणारा माणूस निधीच्या हिशेबात नव्हता, म्हणून बहुधा आराखड्यातही उरला नाही. नव्या उपनगरांतील कितीतरी रस्ते पदपथाविनाच बांधले गेले.

५/ या समजुतीला पहिला कायदेशीर धक्का दिला ओरेगॉन राज्याने. १९७१ साली डॉन स्टाथोस या रिपब्लिकन प्रतिनिधीने विधेयक आणले आणि गव्हर्नर टॉम मॅकॉल यांनी त्यावर सही केली. राज्याच्या महामार्ग निधीतील किमान १ टक्का सायकल आणि पायी चालण्याच्या सोयींवर खर्च झालाच पाहिजे, आणि रस्ता नवा बांधताना वा पुन्हा बांधताना या सोयी केल्याच पाहिजेत, असा तो कायदा. ‘किमान’ या शब्दासाठी पुढे न्यायालयात जावे लागले. पोर्टलंड शहराविरुद्ध सायकलस्वारांच्या संघटनेने दावा लावला, आणि १९९५ साली अपील न्यायालयाने स्पष्ट केले की १ टक्का हा तळ आहे. तेवढा खर्च केला म्हणून नव्या रस्त्यावरील जबाबदारी संपत नाही.

६/ केंद्राची कथा निराळी. १९७३ च्या कायद्याने राज्यांना केंद्रीय निधी सायकलमार्ग आणि पदपथांवर खर्च करण्याची मुभा दिली. परिणाम? १९९१ पर्यंतच्या १८ वर्षांत साऱ्या देशात मिळून जेमतेम ४ कोटी डॉलर खर्च झाले. मुभा होती, पण राज्यांच्या महामार्ग खात्यांना तिचा उपयोग करण्याचे काही कारण नव्हते. प्रस्तुत लेखकाला हा आकडा या सबंध इतिहासातला सर्वांत बोलका वाटतो.

७/ १८ डिसेंबर १९९१ रोजी थोरल्या बुश यांनी नव्या वाहतूक कायद्यावर सही केली. त्याच्या आद्याक्षरांचा उच्चार ‘आइस टी’ असा होई. न्यूयॉर्कचे सेनेटर डॅनियल पॅट्रिक मॉयनिहन हे त्याचे प्रमुख शिल्पकार. एका मोठ्या निधीचा १० टक्के भाग ‘वाहतूक सुधारणा’ या शीर्षाखाली त्यात राखून ठेवला होता. पदपथ, सायकलमार्ग, बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवरील पायवाटा, जुन्या स्थानकांची डागडुजी ही त्यातली कामे. मुभेच्या जागी राखीव वाटा आला आणि कामे धडाक्याने सुरू झाली.

८/ २००५ च्या कायद्यात मिनेसोटाचे जिम ओबरस्टार यांनी ‘शाळेची सुरक्षित वाट’ या योजनेसाठी पाच वर्षांत ६१ कोटी २० लाख डॉलर मिळवले. शिवाय मिनियापोलिससह चार ठिकाणांना प्रत्येकी २ कोटी ५० लाख डॉलरचा प्रायोगिक निधी मिळाला. ओबरस्टार स्वतः पट्टीचे सायकलस्वार होते.

९/ मग १ ऑगस्ट २००७ चा दिवस उजाडला. त्याच मिनियापोलिसमध्ये मिसिसिपी नदीवरील महामार्गाचा पूल ऐन गर्दीच्या वेळी कोसळला. १३ माणसे गेली. दोन आठवड्यांच्या आत परिवहन मंत्री मेरी पीटर्स यांनी दूरचित्रवाणीवरील मुलाखतीत सांगितले की पुलांसाठी कर वाढवण्याची गरज नाही. इंधन कराचा पैसा सायकलमार्ग, संग्रहालये, दीपगृहे अशा गोष्टींवर जातो आहे. पुढे तपास झाला. पुलाच्या जोडपट्ट्या मूळ आराखड्यातच आवश्यक जाडीच्या निम्म्या धरल्या होत्या, हे मुख्य कारण निघाले. सायकलमार्गाचा त्याच्याशी सुतराम संबंध नव्हता. पण तोवर ‘पूल की पायवाट’ हा प्रश्न राजकारणात रुजला होता.

१०/ दरम्यान दुसरी गळती निमूट चालू होती. केंद्राने अखर्चित निधी परत मागितला की राज्ये बहुधा महामार्गांच्या शीर्षाला हात न लावता पादचारी-सायकलच्या शीर्षातून, त्याच्या वाट्याहून कितीतरी अधिक रक्कम परत करत. आपल्याकडील महापालिकांचे कामकाज पाहिलेल्यांना ‘वर्गीकरण’ हा शब्द ठाऊक असेल. एका शीर्षाची तरतूद अलगद दुसरीकडे वळते, आणि वृत्तपत्रात छापून आलेला अंदाजपत्रकी आकडा मात्र तसाच राहतो. येथे पैसा वळत नव्हता, परत जात होता. पण सोसावे लागत होते त्याच दुबळ्या शीर्षाला.

११/ नोव्हेंबर २०११ मध्ये सेनेटर रँड पॉल यांनी हा राखीव निधी पुलांकडे वळवण्याची दुरुस्ती मांडली. ती ३८ विरुद्ध ६० मतांनी फेटाळली गेली. फेब्रुवारी २०१२ मध्ये प्रतिनिधिगृहाच्या विधेयकाने राखीव वाटा पुरता पुसून टाकण्याचा घाट घातला. तो वाचवू पाहणारे टॉम पेट्री आणि टिम जॉन्सन हे दोघेही रिपब्लिकन. त्यांची दुरुस्ती समितीत २७ विरुद्ध २९ अशी, म्हणजे अगदी काठावर पडली. ते विधेयक पुढे सभागृहातच अडले. देशभरातून सायकलस्वार, पालक आणि महापौर आपापल्या प्रतिनिधींना गाठत होते.

१२/ जुलै २०१२ मध्ये तडजोड झाली. तिन्ही योजना एकाच शीर्षात कोंबल्या गेल्या. वर्षाला सुमारे १.२ अब्ज डॉलरचे सुमारे ८० कोटी झाले, आणि निम्मी रक्कम अन्यत्र वळवण्याची मोकळीक राज्यांना मिळाली. मात्र बेन कार्डिन या डेमोक्रॅट आणि थॅड कॉकरन या रिपब्लिकन सेनेटरांच्या खटपटीमुळे उरलेल्या निम्म्या निधीवर नगरे आणि प्रादेशिक संस्था यांचा हक्क राहिला.

१३/ ‘इंधन भरणाऱ्याचा पैसा’ या युक्तिवादाचे तोवर काय झाले होते? केंद्रीय इंधन कर १९९३ पासून गॅलनमागे १८.४ सेंटवर थिजलेला आहे. २००८ साली महामार्ग निधी रिता होऊ लागला तेव्हा सर्वसाधारण तिजोरीतून ८ अब्ज डॉलर घालावे लागले, आणि अशी भर पुढे पुन्हापुन्हा घालावी लागली. म्हणजे ज्याच्याकडे मोटार नाही तोही महामार्गांचा खर्च उचलतो आहे.

१४/ आणि रस्त्यावर? २००९ साली अमेरिकेत सुमारे ४,१०० पादचारी वाहनांखाली मेले. २०२२ साली हा आकडा ७,५०० च्या वर गेला. रस्त्यावरील एकूण मृत्यूंच्या सुमारे १८ टक्के. याला मोठ्या गाड्या, वेग, रात्रीचा अंधार अशी अनेक कारणे आहेत. सारे खापर निधीकपातीवर फोडणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. परंतु जिथे पदपथच नाही, तिथे चालणाऱ्याने रस्त्याच्या कडेनेच जायचे असते.

१५/ नोव्हेंबर २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्याने हा वाटा पुन्हा मूळ निधीच्या १० टक्क्यांवर नेला. पाच वर्षांत मिळून सुमारे ७.२ अब्ज डॉलर. मॉयनिहन यांच्या १९९१ च्या कायद्यात होता तोच टक्का परत मिळवायला ३० वर्षे लागली. या कायद्याची मुदत ३० सप्टेंबर २०२६ पर्यंतची. त्यानंतरच्या विधेयकात आपापल्या प्रतिनिधीकडे मागायची गोष्ट त्यामुळे अगदी नेमकी आहे : टक्का कायद्यात लिहिलेला हवा, आणि तो अन्यत्र वळवण्याचे कलम त्यात नको.