कल्याणच्या आनंदीबाई आणि स्त्रियांच्या वेदनेचे निदान : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
गर्भाशयाच्या अंतःस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर, विशेषतः अंडाशयावर व उदरपोकळीत वाढणे, या विकारास ‘एंडोमेट्रिओसिस’ म्हणतात. पाळीतील असह्य वेदना व वंध्यत्व ही त्याची प्रमुख लक्षणे होत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के स्त्रियांना तो होतो; तरीही निदानास सरासरी ४ ते १२ वर्षे लागतात. या विलंबाचे एक मूळ सामाजिक इतिहासात आहे, हे मांडण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
व्हिएन्नाचे विकृतिशास्त्रज्ञ रोकिटान्स्की यांनी १८६० मध्ये या विकाराचे वर्णन केले, असे सामान्यतः मानले जाते. परंतु शवविच्छेदनातून मिळालेले हे ज्ञान जिवंत रुग्णाच्या फारसे उपयोगी नव्हते. तेथे वैद्याचा मुख्य आधार म्हणजे तिचे स्वतःचे कथन. आणि आपल्याकडे नेमके तेच अडले होते.

३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेल्या आनंदीबाई जोशी यांनी हा अडसर ओळखला. चौदाव्या वर्षी झालेले मूल त्यांनी दहा दिवसांत गमावले होते. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधील सेरामपूर येथील भाषणात, स्त्रिया पुरुष डॉक्टरांकडून तपासून घेण्यास संकोचतात, म्हणून स्त्री डॉक्टरांची निकड आहे, असे त्यांनी प्रतिपादन केले. १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी त्यांना मिळाली. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-विभागावर त्यांची नियुक्तीही झाली. परंतु २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

निदान व उपचार :
पाळीचे रक्त बीजवाहिन्यांतून उलट वाहून ही ऊती पसरते, असा सिद्धान्त सॅम्पसन यांनी १९२७ मध्ये मांडला. पुढे दुर्बिणीद्वारे उदरपोकळीची तपासणी निदानासाठी आवश्यक मानली गेली. २०२२ च्या युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांनी मात्र लक्षणे, सोनोग्राफी व एमआरआय यांना महत्त्व दिले. वेदनाशामके, संप्रेरके व शस्त्रक्रिया हे उपचार आहेत. विकार समूळ बरा करणारा उपाय अद्याप नाही.

निष्कर्ष :
म्हणजेच निदानाची पहिली पायरी पुन्हा स्त्रीचे कथन हीच ठरली आहे. आज कल्याणला रुक्मिणीबाई, डोंबिवलीत शास्त्रीनगर व ठाण्यात कळव्याला छत्रपती शिवाजी महाराज ही महापालिका रुग्णालये आहेत. तथापि ‘लग्न झाले की थांबेल’ असे ऐकलेली मुलगी तेथवर पोहोचत नाही. दरमहा ठरावीक दिवशी गैरहजर राहणाऱ्या विद्यार्थिनीची प्राध्यापकांनी आस्थेने विचारपूस करणे, हीदेखील आनंदीबाईंच्या अपुऱ्या कार्याची पूर्तता होय.