फ्रेंच भाषेतील प्रमाणदर्शक तुलनारचना

एका गोष्टीतील वाढ वा घट आणि तदनुषंगाने दुसऱ्या गोष्टीत होणारी वाढ वा घट यांचा संबंध व्यक्त करणारी वाक्यरचना. मराठीत हे कार्य ‘जितका … तितका’, ‘जसजसा … तसतसा’ या जोडशब्दांनी साधते. त्यांतील पहिला शब्द गौण वाक्याचा व दुसरा मुख्य वाक्याचा निदर्शक असतो. आधुनिक प्रमाण फ्रेंचमध्ये असे निदर्शक नाहीत. दोन्ही वाक्यांच्या आरंभी ‘प्ल्यू’ (अधिक), ‘म्वँ’ (कमी) यांसारखे तुलनावाचक शब्दच येतात. उदा., ‘प्ल्यू ज ली, प्ल्यू ज से’ (मी जितके अधिक वाचतो, तितके मला अधिक कळते).

फ्रेंचची जननी असलेल्या लॅटिनमध्ये ‘क्वो … एओ’ व ‘क्वांतो … तांतो’ अशा जोड्या होत्या. लॅटिनमधील तुलनावाचक प्रत्यय पुढे बव्हंशी लोपले. त्यांच्या जागी गॉल व इटली या प्रदेशांत ‘प्लूस’, तर आयबेरियन द्वीपकल्पात ‘मागिस’ हा स्वतंत्र शब्द रूढ झाला. मध्ययुगीन फ्रेंचमध्ये ‘काँ प्ल्यू … ताँ प्ल्यू’, ‘ताँ प्ल्यू … ताँ प्ल्यू’ आणि नुसते ‘प्ल्यू … प्ल्यू’ असे अनेक पर्याय एकाच वेळी प्रचलित होते.

त्यांतून एकाची निवड सतराव्या शतकात झाली. फ्रेंच अकादमीची स्थापना १६३५ मध्ये झाली. तिच्या आरंभीच्या सदस्यांपैकी क्लोद फाव्र द व्होझला (१५८५–१६५०) याने १६४७ मध्ये फ्रेंच भाषेवरील आपली टिपणे प्रसिद्ध केली. राजदरबारातील निवडक लोकांचे बोलणे आणि उत्तम लेखकांचे लेखन हा त्याच्या मते सुप्रयोगाचा निकष होता. या निकषावर त्याने ‘ताँ प्ल्यू’ हा प्रयोग जुनाट ठरवून ‘प्ल्यू’ एवढेच पुरेसे मानले. वस्तुतः त्याज्य ठरलेला प्रयोग अशुद्ध नव्हता. व्युत्पत्तीच्या दृष्टीने तो लॅटिनला अधिक जवळचा होता. इटालियनमध्ये ‘क्वांतो प्यू … तांतो प्यू’ व स्पॅनिशमध्ये ‘क्वांतो मास … तांतो मास’ या सजातीय रचना शिष्टसंमत राहिल्या आहेत. फ्रेंचमध्ये मात्र ‘ताँ प्ल्यू’ काही प्रादेशिक बोलींपुरता उरला व ग्राम्य गणला गेला.

निदर्शक शब्द गळाल्यामुळे अर्थाचा भार शब्दक्रमावर पडला. नियामक गोष्ट सामान्यतः प्रथम येते. वाक्यांची अदलाबदल केल्यास कार्यकारणभाव उलटतो. ‘प्ल्यू’ हा शब्द वाक्यारंभी जातो. परंतु विशेषण आपल्या मूळ स्थानीच राहते. उदा., ‘प्ल्यू ला नुई ए लोंग’ (रात्र जितकी लांब) यात ‘लोंग’ (लांब) हे विशेषण शेवटीच येते. दुसऱ्या वाक्यापूर्वी ‘ए’ (आणि) हे अव्यय विकल्पाने योजतात. ‘दोताँ प्ल्यू क’ (त्या कारणाने अधिकच) या वाक्प्रचारात जुन्या ‘ताँ’चा अंश आजही टिकून आहे.