पाण्याचा सौदा : विट्याच्या माळावर निवडणुकीची आश्वासने कशी घडली? (थ्रेड)

१) निवडणुकीच्या सभेतले आश्वासन म्हणजे टाळ्यांसाठी उच्चारलेले वाक्य, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु काही आश्वासनांचा इतिहास तपासला, की त्यांची घडण व्यापारातल्या बोलण्यांसारखी दिसते. मागणी किती ठेवायची, अडून कधी बसायचे, मुदत कोणती दाखवायची, हप्ते कसे पाडायचे हे सारे तिथे आढळते. सांगली जिल्ह्यातील विटा आणि टेंभू उपसा सिंचन योजना हे त्याचे ठळक उदाहरण आहे.

२) प्रथम भूमी. विटा हे खानापूर तालुक्याचे मुख्य ठिकाण. कृष्णाकाठचा वाळवा-पलूसचा ऊसपट्टा येथून फार दूर नाही. पण खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ, जत हा प्रदेश पर्जन्यछायेतला. नदी खाली वाहते आणि तहान वर माळावर आहे. या उंचीच्या फरकातच पुढच्या साऱ्या राजकारणाचे मूळ आहे. पाणी येथे वाहत येत नाही, ते उपसून आणावे लागते. उपशाला वीज लागते, विजेला पैसा लागतो आणि पैसा मंत्रालयातून यावा लागतो.

३) या कोरडेपणाने येथील माणूस व्यापारी बनवला. खानापूर-आटपाडीतील शेकडो कुटुंबे सोने-चांदी गाळण्याच्या गलाई व्यवसायानिमित्त देशभरातील शहरांत पसरली. विट्यात यंत्रमाग उभे राहिले. खरसुंडीच्या यात्रेत खिलार जनावरांचा बाजार भरत आला. रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवायचा, पटला की विसार द्यायचा, उरलेली रक्कम मुदतीत चुकती करायची, ही बाजाराची रीत येथील मतदाराला शाळेत शिकावी लागली नाही.

४) आता सौदाशास्त्रातला पहिला नियम. रॉजर फिशर आणि विल्यम युरी यांनी १९८१ साली 'गेटिंग टू येस' या पुस्तकात तो मांडला. बोलणी फिसकटली तर आपल्या हाती कोणती पर्यायी वाट उरते, यावर आपली ताकद ठरते. ज्याला दुसरी वाट नाही, त्याला मिळेल तो भाव घ्यावा लागतो. १९८० च्या दशकापर्यंत खानापूर तालुक्याची स्थिती नेमकी तशी होती. दुष्काळ पडला की रोजगार हमीची कामे निघत. शेतात पाणी येत नसे.

५) ही स्थिती पालटण्यास अनपेक्षित निमित्त झाले ते मुंबईच्या गिरणी संपाचे. जानेवारी १९८२ मध्ये संप सुरू झाला आणि हजारो कामगार गावी परतले. खानापूर तालुक्यात परतलेल्या कामगारांतून आणि शेतकऱ्यांतून, डॉ. भारत पाटणकर यांच्या सहभागाने, मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. दुष्काळ हा निसर्गाचा कोप नसून पाण्याच्या वाटपाचा प्रश्न आहे, अशी मांडणी तिने केली. युनियनमध्ये मालकाशी बोलणी करायला शिकलेली माणसे आता शासनाशी बोलणी करू लागली.

६) बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी येरळा नदीवर स्वतःच धरण बांधण्याचे ठरवले. पात्रातील वाळू ठेकेदाराने उपसायची आणि महसूल शासनाने न्यायचा, त्याऐवजी थोडी वाळू गावाने विकून त्या पैशातून धरण उभारायचे, ही त्यांची योजना. परवानगीसाठी शासनाशी दीर्घ झगडा झाला. अखेर 'बळीराजा स्मृती धरण' उभे राहिले. भूमिहीनांसह प्रत्येक कुटुंबाला पाण्यात वाटा, हे त्याचे तत्त्व होते. धरण लहान होते, पण गावाकडे आता 'तुम्ही देत नसाल तर आम्ही करतो' म्हणण्याची सोय झाली होती.

७) पुढची पायरी संख्याबळाची. क्रांतिअग्रणी नागनाथअण्णा नायकवडी हे वाळव्याचे, म्हणजे पाणी असलेल्या भागातले. तरीही १९९३ पासून त्यांनी आटपाडीत दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदा भरवल्या. सांगोल्याचे गणपतराव देशमुख आणि भारत पाटणकर त्यांच्यासोबत होते. एकेक तालुका स्वतंत्रपणे मुंबईला गेला, तर एकाला तलाव आणि दुसऱ्याला रस्ता देऊन वाटेला लावता येते. सारे मिळून गेले, तर तशी बोळवण होत नाही. कृष्णेचे पाणी सर्व दुष्काळी तालुक्यांना, ही मागणी त्यामुळे एकमुखी झाली.

८) आता मुदत. कृष्णा नदीच्या पाण्याचा वाद सोडवण्यासाठी १९६९ मध्ये बच्छावत लवाद नेमला गेला आणि त्याचा अंतिम निवाडा १९७६ मध्ये अमलात आला. महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकला ७०० आणि आंध्र प्रदेशाला ८०० टीएमसी पाणी मिळाले. ३१ मे २००० नंतर या निवाड्याचा फेरविचार करता येईल, अशी तरतूद त्यात होती. वापरले नाही तर पाणी आपोआप जप्त होईल, असे निवाड्यात कोठेही म्हटलेले नव्हते.

९) तरीही १९९० च्या दशकातील भाषणांत या तारखेचे रूप पालटले. '२००० पूर्वी पाणी अडवा, नाहीतर ते कायमचे गेले' असा सूर सर्वत्र लागला. तो संपूर्णपणे खोटा नव्हता. फेरविचाराच्या वेळी ज्याने धरणे बांधली त्याची बाजू भक्कम राहणार, हे उघड होते आणि कर्नाटकात अलमट्टीचे काम सुरू होते. परंतु 'फेरविचार होऊ शकतो' याचे 'हक्क बुडतो' असे रूपांतर होणे, हे सौद्यातील जुने तंत्र आहे. दुकान बंद होण्याची वेळ सांगितली, की गिऱ्हाईक घाईने निर्णय घेते.

१०) मग आली १९९५ ची विधानसभा निवडणूक. २८८ जागांपैकी काँग्रेसला ८०, शिवसेनेला ७३ आणि भाजपला ६५ मिळाल्या. अपक्ष निवडून आले तब्बल ४५. युतीची बेरीज १३८, बहुमताचा आकडा १४५. सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्याने या वेळी प्रस्थापित काँग्रेसला नाकारून अपक्षांना कौल दिला होता. भिलवडी-वांगीतून संपतराव देशमुख यांनी पतंगराव कदमांना पराभूत केले. कवठेमहांकाळमधून अजितराव घोरपडे आणि खानापूर-आटपाडीतून राजेंद्रअण्णा देशमुख विजयी झाले.

११) या अपक्षांनी युती सरकारला पाठिंबा दिला, तो कृष्णा खोऱ्यातील पाण्याच्या प्रश्नावर. येथे थॉमस शेलिंग या अर्थतज्ज्ञाचा १९६० मधील सिद्धांत आठवतो. जो स्वतःचे हात जाहीरपणे बांधून घेतो, त्याची बोलण्यातली ताकद वाढते, असे त्याचे म्हणणे होते. पाण्यावर मते मागितलेला अपक्ष रिकाम्या हाताने मतदारसंघात परतू शकत नव्हता आणि समोरच्या पक्षालाही हे ठाऊक होते. प्रचारात दिलेला शब्द हे ओझे वाटते. मंत्रालयात तेच शस्त्र ठरले.

१२) परिणाम लवकर दिसले. १९९६ मध्ये कायदा करून महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले. त्याच वर्षी टेंभू योजनेला प्रशासकीय मान्यता मिळाली. कराडजवळ टेंभू येथे कृष्णेवर बॅरेज बांधायचे, तेथून टप्प्याटप्प्याने पाणी उचलून कडेगाव, खानापूर, तासगाव, आटपाडी, कवठेमहांकाळ आणि सांगोल्यापर्यंत न्यायचे, अशी ही आखणी. पाणी २२ टीएमसी, क्षेत्र सुमारे ८० हजार हेक्टर, खर्चाचा मूळ अंदाज सुमारे १,४१६ कोटी रुपये. ज्या संपतराव देशमुखांचे नाव या योजनेशी जोडले जाते, ते मात्र आमदारकीची मुदत संपण्याआधीच निवर्तले.

१३) बाजाराच्या भाषेत हा विसार होता. सौदा पक्का झाल्याची खूण तर मिळाली. उरलेली रक्कम कोठून येणार हा प्रश्न राहिला. महामंडळाने शासनाच्या हमीवर रोखे काढून बाजारातून चढ्या व्याजाने पैसा उभारला. कृष्णा खोऱ्यात एकाच वेळी अनेक कामे निघाली. प्रत्येक आमदाराच्या पाठिंब्याला किंमत होती, म्हणून प्रत्येकाच्या भागात कुदळ पडली. ज्या युक्तीने योजना मंजूर झाली, तिनेच ती रखडवली, कारण उपलब्ध पैसा फार ठिकाणी वाटला गेला. अर्धे कालवे आणि बिनपाण्याची पंपगृहे ही त्या सौद्याची दुसरी बाजू होय.

१४) १९९९ मध्ये सत्तांतर झाले आणि नव्या सरकारच्या वाट्याला कर्जाचा डोंगर आला. अर्थखाते सांगली जिल्ह्यातल्याच जयंत पाटील यांच्याकडे होते, तरी तिजोरीची मर्यादा होतीच. त्यातच विदर्भ-मराठवाड्याच्या सिंचन अनुशेषाचा प्रश्न पुढे आला. राज्यघटनेच्या कलम ३७१(२) नुसार राज्यपालांनी निधिवाटपाबाबत निर्देश दिले आणि कृष्णा खोऱ्याच्या निधीला लगाम बसला. दोघांच्या सौद्यात ज्याला बोलावलेच नव्हते, तो तिसरा आपला वाटा मागत आला होता, आणि त्याची मागणी न्याय्य होती.

१५) आता आश्वासनांची भाषा कशी बदलत गेली, ते पाहण्याजोगे आहे. प्रारंभी 'कृष्णेचे पाणी माळावर आणू' असे एकच मोठे वचन होते. पुढे ते तुकड्यांत विभागले गेले : अमुक टप्पा पूर्ण करू, तमुक कालव्याला निधी आणू, वंचित गावांचा समावेश करू, बंदिस्त पाइपलाइन करू. मोठ्या रकमेचे हप्ते पाडावेत तसे हे झाले. याचा लाभ असा, की प्रत्येक निवडणुकीत काही पूर्ण केल्याचे दाखवता येते आणि काही शिल्लकही राहते. तोटा असा, की शेवटच्या गावाला आपला हप्ता कितवा, हे कोणी सांगत नाही.

१६) पाणी आल्यावर नवा सौदा सुरू झाला, तो वीजबिलाचा. उपसा योजनेचे पाणी महाग पडते. थकबाकी वाढली की वीज तुटे आणि ऐन गरजेच्या वेळी पंप थांबत. अखेर वीजबिलाचा ८१ टक्के भार शासनाने आणि १९ टक्के शेतकऱ्यांनी उचलावा, असे सूत्र ठरले. या दोन आकड्यांनी 'पाणी देऊ' या वचनाचा अर्थ प्रथमच मोजता येईल इतका स्पष्ट केला. २०१८ मध्ये केंद्राच्या साहाय्याच्या बळीराजा जलसंजीवनी योजनेतही टेंभूचा समावेश झाला.

१७) या साऱ्या काळात विट्याच्या राजकारणाचे एक केंद्र होते अनिल बाबर. १९९० मध्ये प्रथम आमदार, १९९९ मध्ये राष्ट्रवादीकडून, २०१४ आणि २०१९ मध्ये शिवसेनेकडून. मधल्या दोन निवडणुका सदाशिवराव पाटील यांनी जिंकल्या. बाबरांचा पक्ष बदलला, विषय मात्र टेंभूच राहिला. जून २०२२ मध्ये ते एकनाथ शिंदे यांच्यासोबत गेले. त्याच सत्ताकाळात विस्तारित टेंभूला वाढीव पाणी आणि सात हजार कोटींहून अधिक खर्चाची सुधारित मान्यता मिळाली. ३१ जानेवारी २०२४ रोजी त्यांचे निधन झाले. पाठिंबा आणि मान्यता यांचा थेट संबंध कागदावर दाखवता येत नाही. पण १९९५ प्रमाणेच २०२२ मध्येही एकेका आमदाराच्या मताला असामान्य वजन आले होते, एवढे निश्चित.

१८) मग हा सौदा चांगला की वाईट? सौदा झाला नसता तर माळावर पाणी पोहोचण्यास आणखी किती पिढ्या लागल्या असत्या, हे सांगणे कठीण. ज्या गावांतून तरुण गलाईसाठी परमुलखात जात, तेथे आज ऊस आणि द्राक्षे दिसतात. परंतु सौद्याच्या जोरावर मिळालेल्या पाण्याला एक दोष चिकटून राहतो. ज्याच्याकडे देण्यासारखे काही असते, त्यालाच ते आधी मिळते. आमदाराकडे मत होते, बागायतदाराकडे संघटित शक्ती होती. भूमिहीनाकडे काय होते?

१९) म्हणून बलवडीच्या त्या छोट्या धरणाकडे पुन्हा पाहावे लागते. तेथे वाटपाचा नियम धरण बांधण्याआधी ठरला होता. टेंभूत पाणी आधी आले आणि वाटपाचा वाद मागाहून. समन्यायी वाटपाची मागणी १९९३ पासून परिषदांच्या ठरावांत आहे. निवडणुकीच्या आश्वासनांत मात्र ती क्वचितच ठळकपणे येते, कारण तिच्याबद्दल विसार देणारा कोणी नाही.

२०) खरसुंडीच्या बाजारात जनावर घेताना शेतकरी दात पाहतो, चाल पाहतो आणि मगच रुमालाखाली हात घालतो. आश्वासनाच्या बाबतीतही चार प्रश्न पुरेसे आहेत : पैसा कोणाचा? मुदत कोणी ठरवली? वाटा कोणाकोणाचा? आणि शब्द मोडला, तर देणाऱ्याचे नुकसान काय? १९९५ मध्ये चौथ्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट होते, म्हणून टेंभू कागदावर आली. तिसऱ्याचे उत्तर तेव्हा कोणी मागितले नाही. ते अजूनही मागता येते.

(थ्रेड समाप्त. आपल्या तालुक्यातील अशा एखाद्या योजनेचे मंजुरीचे वर्ष आणि त्या वेळचे सत्तेचे गणित ठाऊक असेल, तर खाली अवश्य नोंदवावे.)