खाजण, बांध आणि उघाडी

नव्या मुंबईचा इतिहास सांगावयाचा म्हणजे १९७० च्या मार्च महिन्यापासून आरंभ करण्याचा प्रघात आहे, कारण सिडकोची स्थापना तेव्हाची. श्रोतेहो, आम्हांस हा आरंभ फार उशिराचा वाटतो. बेलापूर, पनवेल, उरण या पट्ट्यातील पुष्कळ जमीन आगरी व कराडी शेतकऱ्यांनी त्यापूर्वीच पिढ्यान् पिढ्या कष्ट करून खाडीकडून मिळविली होती. आणि जमिनीतील पाण्याची पातळी राखण्याची विद्या त्यांनी कोणा इंजिनिअरकडून घेतलेली नव्हती.

ती विद्या अशी. खाजणाच्या तोंडाशी चिखलाचा व दगडांचा बांध घालावयाचा आणि त्यात लाकडी झडपेची उघाडी बसवावयाची. भरती चढली की पाण्याच्या रेट्याने झडप मिटते. ओहोटी लागली की आत साचलेले पावसाचे पाणी तिला ढकलून बाहेर पडते. काही पावसाळ्यांत मातीतले मीठ धुऊन जाते आणि खारेपणा सोसणारे तांबडे राता भात उभे राहते. जुन्या महसुली कागदांत अशा जमिनीस शिलोत्री म्हटले आहे. उधाणाने बांधास खांड पडली म्हणजे एकट्यादुकट्याचे काम नव्हे. ज्याच्या शेतात पाणी शिरले नाही त्यासही टोपली घेऊन धावावे लागे, कारण पुढची पाळी त्याची. १९४८ साली मुंबई सरकारने खारजमिनींचा कायदा केला आणि बांधांची जबाबदारी हळूहळू सरकारकडे गेली. ते आवश्यकच होते. तथापि टोपली उचलणारे हात तेव्हापासून सैल पडू लागले, असे आमचे मत आहे.

या हिशेबातील एक रकाना मात्र त्या शेतकऱ्यांस दिसण्यासारखा नव्हता. खारफुटीखालच्या काळ्या चिखलात हवा फारशी शिरत नाही. म्हणून झडलेली पाने व मेलेली मुळे पुरती कुजत नाहीत, आणि त्यांतील कार्बन शतकानुशतके तेथेच पडून राहतो. पाणी काढले की हवा शिरते, सूक्ष्म जंतू कामास लागतात, कार्बन वायुरूपाने उडून जातो व जमीन खचते. हॉलंडात दलदलीतली अर्धकुजकी माती, जिला तिकडे पीट म्हणतात, मध्ययुगापासून चर खणून सुकविली गेली. ती खचत समुद्रसपाटीखाली गेली. मग उपशास पवनचक्क्या लागल्या, आणि उपसा वाढला तशी ती आणखी खचली. इंडोनेशियाने १९९६ च्या सुमारास भातासाठी पीटच्या अरण्यांत कालवे खणले. १९९७ साली ती सुकलेली माती महिनोन् महिने धुमसत होती. पुढे २०१४ साली तेथे नियम झाला की पाण्याची पातळी पृष्ठापासून ४० सेंटीमीटरपेक्षा खाली जाता कामा नये. आमच्या खाजणात पीट नव्हे, खारा चिखल आहे, तेव्हा तो आकडा इकडे लावणे गैर; तत्त्व मात्र तेच.

सिडकोने शहर वसविताना उघाडीच मोठ्या प्रमाणावर स्वीकारली. वाशी, नेरूळ, बेलापूर येथील सखल भागांत डच पद्धतीचे धारण तलाव केले. भरतीच्या वेळी पाऊस कोसळला तर पाणी तलावात थांबावे आणि ओहोटीस झडपांतून खाडीत जावे, ही योजना. पण झडपा झिजल्या, गाळ आत आला, गाळाबरोबर खारफुटीची बीजेही आली आणि तलावांत राने माजली. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली खारफुटी तोडण्यास मनाई केली व २०१८ च्या निकालाने ते संरक्षण पक्के केले. त्यामुळे तलावाचा गाळ काढणे हाही न्यायालयीन परवानगीचा प्रश्न झाला. एकीकडे तुंबणारे रस्ते, दुसरीकडे गाळात नव्याने साठणारा कार्बन.

दोन्ही पक्षांचा राग आम्हांस समजतो. परंतु तलावातले रान जपावयाचे आणि बाहेरच्या अस्सल खाजणांवर भराव टाकावयाचा, हा व्यवहार उलटा आहे. तलावास तलावाचे काम करू द्यावे, आणि बाहेरच्या खारफुटीची भरतीची वाट कोठेही अडवू नये. भरती तुटलेली खारफुटी उभी दिसली तरी तिच्याखालचा चिखल सुकतच असतो.

भरावाने नवे सेक्टर उंच झाले आणि ज्यांनी बांध राखले त्यांची गावठाणे खळग्यात राहिली. पनवेल तालुक्यातील डुंगी गावात विमानतळाचा भराव झाल्यानंतर पावसाचे पाणी घरांत शिरू लागले. तेथे उघाडी कोठे बसवावी, हे गावातील म्हाताऱ्यांना कोणी विचारल्याचे आमच्या ऐकिवात नाही.