एव्हरग्लेड्स : अडवलेल्या पाण्याला पुन्हा वाट

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याच्या दक्षिण टोकाकडील एव्हरग्लेड्स हा प्रदेश दलदल म्हणून ओळखला जातो. प्रत्यक्षात तेथील पाणी साचलेले नसून अत्यंत संथपणे वाहणारे आहे. पावसाळ्यात ओकीचोबी सरोवर काठोकाठ भरले, की त्याचे पाणी दक्षिणेकडील काठावरून ओसंडत असे आणि सुमारे १६० किलोमीटरचा प्रवास करून फ्लोरिडा उपसागरास मिळत असे. या प्रवाहाची रुंदी काही ठिकाणी १०० किलोमीटरच्या आसपास होती, तर जमिनीचा उतार किलोमीटरमागे जेमतेम तीन सेंटीमीटर. मार्जोरी स्टोनमन डग्लस यांनी १९४७ मधील आपल्या पुस्तकात या प्रदेशास ‘गवताची नदी’ म्हटले आणि तेच नाव पुढे रूढ झाले. ही नदी गेल्या शतकात रस्ते, कालवे आणि बांध यांनी तुकड्यातुकड्यांत विभागली गेली. तिचा प्रवाह पुन्हा जोडण्याचे काम आता दोन दशकांहून अधिक काळ सुरू आहे.

प्रवाह कसा तुटला

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून हा प्रदेश कोरडा करून शेतीखाली आणण्याचे प्रयत्न सुरू झाले. १९०५ मध्ये राज्यपाल झालेल्या नेपोलियन ब्रोवर्ड यांनी ते काम सरकारी धोरण म्हणून पुढे रेटले. १९२८ मधील चक्रीवादळात ओकीचोबी सरोवराचे पाणी काठ फोडून बाहेर पडले आणि किमान अडीच हजार लोक मृत्युमुखी पडले. त्यानंतर सरोवराभोवती उंच बांध घालण्यात आला. त्याच वर्षी टँपा आणि मायामी या शहरांना जोडणारा तामिआमी मार्ग खुला झाला. रस्त्याच्या भरावासाठी लागणारा दगड शेजारीच खोदून काढण्यात आला आणि त्या खोदकामातून कालवा तयार झाला. अशा रीतीने एकाच कामातून पाण्याच्या वाटेत पूर्व-पश्चिम असे दोन अडथळे उभे राहिले.

१९४७ मधील मोठ्या पुरानंतर अमेरिकी संसदेने १९४८ मध्ये पूरनियंत्रणाच्या व्यापक प्रकल्पास मंजुरी दिली. लष्कराच्या अभियंता विभागाने दक्षिण फ्लोरिडात सुमारे १,६०० किलोमीटर लांबीचे कालवे, शेकडो किलोमीटर लांबीचे बांध, दरवाजे आणि उपसा केंद्रे उभारली. सरोवराच्या दक्षिणेस उसाची विस्तीर्ण शेती वाढली आणि पूर्व किनाऱ्यावरील शहरे पश्चिमेकडे पसरली. मूळ एव्हरग्लेड्सपैकी आज सुमारे निम्मा भागच शिल्लक आहे. पुराचे पाणी समुद्रात सोडण्याच्या व्यवस्थेमुळे रोज सरासरी १.७ अब्ज गॅलन, म्हणजे सुमारे ६.४ अब्ज लिटर गोडे पाणी समुद्रास मिळते, असा अंदाज मांडला जातो.

एकीकडे बुडणे, दुसरीकडे सुकणे

प्रवाह अडल्याचा परिणाम सर्वत्र सारखा झाला नाही. तामिआमी मार्गाच्या उत्तरेस पाणी तुंबले आणि पाणथळीत उंचवट्यांवर वाढलेली वृक्षांची बेटे दीर्घकाळ बुडून राहिली. या बेटांशी मिकोसुकी आदिवासी समाजाचे जीवन आणि श्रद्धा जोडलेल्या आहेत. रस्त्याच्या दक्षिणेस, एव्हरग्लेड्स राष्ट्रीय उद्यानात, पाणी कमी पडले. तेथील कुजलेल्या वनस्पतींपासून बनलेली माती सुकू लागली आणि कोरड्या वर्षांत तिला आगी लागू लागल्या. फ्लोरिडा उपसागरात गोड्या पाण्याचा पुरवठा घटून क्षारता वाढली. १९८७ पासून तेथील समुद्री गवत मोठ्या क्षेत्रावर मेले. बगळे, करकोचे यांसारख्या पाणपक्ष्यांची घरटी १९३० च्या दशकाच्या तुलनेत अंदाजे ९० टक्क्यांनी घटली.

वाहते पाणी या प्रदेशाचा आकारही घडवते. प्रवाहाच्या दिशेने लांबट उंचवटे आणि त्यांमधील खोलगट पाणवाटा अशी येथील मूळ रचना आहे. पाण्याबरोबर हलका गाळ वाहत असल्याने पाणवाटा मोकळ्या राहतात. प्रवाह थांबला, की त्या भरून येतात आणि जमीन सपाट होत जाते. त्यामुळे एखाद्या भागात केवळ पाणी सोडून भागत नाही. ते योग्य ऋतूत आणि पुरेशा वेगाने वाहावे लागते.

रस्ता उचलून पाण्यास वाट

तामिआमी मार्ग बंद करणे व्यवहार्य नव्हते. वर्षानुवर्षे रस्त्याखालील मोऱ्यांतून थोडेच पाणी पुढे जात असे. ते वाढवायचे, तर लगतच्या कालव्याची पातळी वाढवावी लागे आणि तसे केल्यास रस्त्याचा पाया भिजून खचण्याचा धोका होता. म्हणून रस्त्याचा काही भाग पुलावर उचलण्याचे ठरले. सुमारे १.६ किलोमीटरचा पहिला पूल २०१३ मध्ये आणि एकूण ३.७ किलोमीटर लांबीच्या पुलांचा पुढील टप्पा २०१९ मध्ये पूर्ण झाला. त्यानंतर उर्वरित रस्त्याची उंची वाढवण्याचे काम हाती घेण्यात आले. २०२० च्या नव्या नियमनानुसार कालव्याची कमाल पातळी पूर्वीपेक्षा सुमारे ३० सेंटीमीटरने वाढवण्यास मुभा मिळाली. इतक्या सपाट प्रदेशात एवढा फरकही मोठा ठरतो.

उद्यानाकडे अधिक पाणी वळवताना पूर्व सीमेलगतच्या वस्त्यांत आणि शेतांत ते झिरपू नये, याचीही व्यवस्था करावी लागली. त्यासाठी बांध आणि झिरपा गोळा करणारा कालवा बांधण्यात आला, तर काही भागात जमिनीखाली भिंत घालण्यात आली.

भरलेले कालवे

इतर ठिकाणी अडथळे थेट काढून टाकणे शक्य झाले. ओकीचोबी सरोवरास मिळणारी किसिमी नदी मुळात १६६ किलोमीटर लांबीची आणि नागमोडी होती. १९६२ ते १९७१ या काळात तिचा सुमारे ९० किलोमीटरचा सरळ कालवा करण्यात आला. १९९९ मध्ये त्याचा मधला भाग बुजवण्यास प्रारंभ झाला. २०२१ मध्ये काम संपले, तेव्हा सुमारे ७० किलोमीटरचे जुने पात्र पुन्हा वाहते झाले होते आणि पाणपक्षी परतले होते. नैऋत्येकडील पिकायून स्ट्रँड येथे १९६० च्या दशकात वसाहतीसाठी रस्ते आणि कालवे काढून भूखंड विकण्यात आले. मात्र वसाहत फारशी उभी राहिलीच नाही. सरकारने ती जमीन परत विकत घेतली. तेथे कालव्यांत अडसर घालून आणि रस्ते उखडून पाणी पुन्हा पसरट वाहू दिले जात आहे.

शुद्धतेची अट

पाणी पोहोचवण्याइतकाच प्रश्न त्याच्या शुद्धतेचा आहे. एव्हरग्लेड्समधील मूळ वनस्पती अत्यल्प पोषकद्रव्यांच्या पाण्यात वाढतात. शेतजमिनीतून येणारा फॉस्फरस वाढला, की करवती कडांचे सॉग्रास गवत मागे पडते आणि पाणकणीस माजते. या प्रश्नावर केंद्र सरकारने १९८८ मध्ये न्यायालयात धाव घेतली. पुढे फॉस्फरसची मर्यादा अब्जास दहा भाग अशी ठरली. त्यासाठी २० हजार हेक्टरांहून अधिक क्षेत्रावर पाणी गाळणाऱ्या कृत्रिम पाणथळी उभारण्यात आल्या आहेत. सरोवराच्या दक्षिणेस मोठ्या जलाशयाचे कामही सुरू आहे.

खर्च आणि कालावधी

सर्वंकष पुनर्स्थापना आराखड्यास अमेरिकी संसदेने डिसेंबर २००० मध्ये मंजुरी दिली. त्यात ६८ घटक होते. अंदाजित खर्च सुमारे आठ अब्ज डॉलर आणि अवधी तीस वर्षांहून अधिक धरण्यात आला. खर्च केंद्र आणि राज्य यांनी निम्मा-निम्मा उचलायचा होता. आता हा अंदाज २३ अब्ज डॉलरच्या वर गेला आहे. युनेस्कोच्या जागतिक वारशात १९७९ मध्ये समाविष्ट झालेले हे उद्यान १९९३ ते २००७ या काळात धोक्यातील वारसास्थळांच्या यादीत होते आणि २०१० मध्ये पुन्हा त्या यादीत आले.

या कामात पक्ष्यांइतकेच माणसांचेही हित गुंतलेले आहे. मायामी परिसरातील लाखो लोक पीत असलेल्या बिस्केन भूजलसाठ्याचे पुनर्भरण याच पाण्यावर अवलंबून आहे. समुद्राची पातळी वाढत असताना खाऱ्या पाण्याचे आक्रमण थोपवण्यासही गोड्या पाण्याचा दाब लागतो. पूरनियंत्रणाचे बहुतांश जाळे १९४८ नंतरच्या सुमारे पाव शतकात उभे राहिले. त्याची दुरुस्ती त्याहून अधिक काळ चालणार आहे. बुजवलेल्या प्रत्येक कालव्यामागे आणि उचललेल्या प्रत्येक रस्त्यामागे शेतकरी, शहरे, आदिवासी समाज आणि उद्यान यांच्यातील पाणीवाटपाचा एकेक प्रश्न सोडवावा लागत आहे.