गाव सोडलेल्या गरोदर बाईची नोंद

नांदेड-लातूरच्या सार्वजनिक आरोग्याचा इतिहास बराचसा वह्यांचा इतिहास आहे. १९५६ पर्यंत हा मुलूख हैदराबाद राज्यात होता. खेड्यातली बाळंतपणं सुईण करी. घराघरातलं तिला तोंडपाठ, कागदावर मात्र काही नाही. पुढे प्राथमिक आरोग्य केंद्रं आली, १९६२ मध्ये जिल्हा परिषदा स्थापन झाल्या, १९७५ नंतर हळूहळू अंगणवाड्या पसरल्या आणि गरोदर बाई सिस्टरच्या वहीत दाखल झाली: शेवटच्या पाळीची तारीख, धनुर्वाताची सुई, लोहाच्या गोळ्या. या वह्यांचे उपकार मोठे आहेत. पण वही उपकेंद्राच्या हद्दीला बांधलेली होती आणि इथली गरोदर बाई हद्दीत राहत नाही. म्हणून होणाऱ्या आईबापांना मोबाइलवरून आहार-आरोग्याची माहिती देण्याचे जे प्रयोग चालले आहेत, त्यांचं मोल केवळ सल्ल्यावरून ठरवू नये. बाई जाईल तिथे तिची नोंद पोचते का, ही त्यांची खरी कसोटी.

बाईच्या या फिरतीची कारणं जुनी आहेत. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, हा रिवाज. सासर मुखेडला आणि माहेर जळकोटला असेल, तर तालुके शेजारी पण जिल्हे दोन, म्हणजे वह्याही दोन. दुसरं कारण पोटाचं. कंधार, मुखेड, अहमदपूर या भागांतल्या वाड्या-तांड्यांवरून दसरा-दिवाळीच्या सुमारास जोडपी ऊसतोडीला निघतात ती पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. गरोदरपणाचे सहा महिने अशा फडात गेले, तर गावच्या वहीत तिच्या नावापुढे रिकामे रकानेच राहतात. माता-बाल संरक्षण कार्ड तिच्याबरोबर जाई खरं, पण तपासणी चुकली तर ते कार्ड कोणाला हाक मारू शकत नव्हतं.

२००९ च्या अखेरीस केंद्राने नाव आणि फोन क्रमांकासह माता-बालकांचा माग ठेवणारी प्रणाली आणली, तेव्हा हा दोष दूर होईल असं वाटलं. ‘आरमान’ या संस्थेने २०१४ मध्ये मुंबईत ‘एममित्र’ हे ध्वनिसंदेश सुरू केले. २०१६ पासून केंद्राचा ‘किलकारी’ उपक्रम आला: गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून बाळ वर्षाचं होईपर्यंत दर आठवड्याला एक, असे ७२ संदेश. महाराष्ट्रात तो २०२४ मध्ये पोचला. पण याच काळात यंत्राची दुसरी बाजूही दिसली. अंगणवाडीच्या नोंदींसाठी ‘पोषण ट्रॅकर’ हे अ‍ॅप आल्यावर २०२१ मध्ये राज्यभरच्या अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले. हँडसेट निकृष्ट आणि अ‍ॅप इंग्रजीत, ही त्यांची तक्रार होती. वही जाऊन पडदा आला, तरी माहिती वरच चढत राहिली. सेविकेच्या हाती त्यातून फारसं काही परत आलं नाही.

मोबाइलवरच्या संदेशांवर पहिला आक्षेप असा, की बहुतेक घरांत फोन नवऱ्याच्या खिशात असतो, मग संदेश बाईपर्यंत जाणार कसा? अडचण खरी आहे, पण तिच्यात एक संधीही आहे. आजवरच्या एकाही वहीत बापाला काम नव्हतं. जड ओझं तिच्या डोक्यावर देऊ नये, रक्त वाढवणाऱ्या गोळ्या संपण्याआधी आणाव्यात, तिने मिश्री सोडायची तर घरातला तंबाखूही सुटला पाहिजे, हे त्याच्याशीच बोलायचं आहे. शिवाय तांड्यावर गोरमाटी, देगलूर-बिलोलीकडे तेलुगू, नांदेड शहरात दखनी बोलणारी घरं आहेत. त्यांना पुस्तकी मराठी पुरणार नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: उणीव सल्ल्याची नाही, साधनांची आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. तशा उन्हाळ्यात ‘भरपूर पाणी प्या’ हा संदेश क्रूर ठरतो. हे मान्यच करावं लागेल. पण त्यातून मोबाइल निरुपयोगी ठरत नाही. सल्ला पाळता न येण्याचं कारण कळवायची सोय त्यात असावी, हे ठरतं.

मोजणीतून कृती घडते, याचा दाखला मराठवाड्यातच आहे. कुपोषणाने झालेल्या बालमृत्यूंनंतर २००२ मध्ये विभागीय आयुक्त व्ही. रमणी यांच्या पुढाकाराने इथे मोहीम सुरू झाली. मुलांची वजनं नुसती लिहून न ठेवता त्यांवरून उपाय ठरू लागले. तिच्यातूनच २००५ मध्ये राज्याचं राजमाता जिजाऊ मिशन उभं राहिलं. तिथे अवजार होतं साधा वजनकाटा. फरक पडला तो आकड्यांची जबाबदारी ठरल्यामुळे. मोबाइलच्या बाबतीत हेच करायला हवं. कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्राने फडात आलेल्या गरोदर बाईची मूळ नोंद उघडावी, चुकलेली तपासणी करावी आणि त्याची खबर गावच्या आशा कार्यकर्तीला मिळावी. हे काम कोणाचं, हे आधी ठरवून मगच नवं अ‍ॅप आणावं. नाहीतर रिकामे रकाने तेच राहतील, फक्त ते आता मुंबई-दिल्लीतही दिसतील.